दिवा निवडण्याआधी पाणी पाहावे

चंद्रपूर जिल्ह्यातले घुग्घुस हे कोळशाचे गाव. इथल्या पुष्कळ घरांत वडील, काका किंवा आजोबा यांपैकी कोणीतरी खाणीत काम केलेले असते. त्यामुळे टोपीवर लावायचा खाणीतला दिवा इथल्या मुलांना नवलाचा वाटत नाही. गावाजवळून वर्धा नदी वाहते आणि पैनगंगा तिला जिथे मिळते तो वढ्याचा संगमही फार लांब नाही. म्हणजे जमिनीखालचा अंधार आणि पाण्याखालचा अंधार, दोन्ही इथल्या मुलांच्या ओळखीचे.

काही वर्षांपूर्वी तिथल्या एका शाळेत प्रकाशाविषयी गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. शेवटी प्रश्न विचारायला सांगितले तेव्हा नववीतला एक मुलगा उभा राहिला. "सर, बाबांचा दिवा खाणीत पार लांबवर जातो. तो पाणी न शिरेल असा बांधून डोहात नेला, तर तळ दिसन का?"

वर्गात थोडी कुजबूज झाली. प्रश्नामागचे कारण नंतर शिक्षकांनी सांगितले. त्या पावसाळ्यात नदीत एक जण बुडाला होता आणि शोध चालू असताना हा मुलगा काठावर उभा होता. काठावरून मोठमोठे दिवे पाण्यावर मारले होते, पण उपयोग झाला नाही. उतरलेले लोक बांबूने आणि पायांनी चाचपडतच शोधत होते. एवढे दिवे असताना दिसत का नाही, हे त्या मुलाला कळत नव्हते.

आम्ही तेव्हा "नाही, गढूळ पाण्यात दिसणार नाही" एवढेच उत्तर दिले. उत्तर बरोबर होते पण अपुरे होते, कारण 'का' शिल्लकच राहिले. त्या 'का'चे उत्तर माणसाला एका दिवसात मिळालेले नाही. ते मिळवण्यात शंभराहून अधिक वर्षे गेली, आणि त्या प्रवासातला एक टप्पा तर आपल्या मुंबई बंदरातला आहे. तो इतिहास पाहिला की पाणबुड्याने कोणत्या पाण्यात कोणता दिवा न्यावा, हेही आपोआप समजते.

खाणीतला धडा

सुरुवात मुलाच्या ओळखीच्या दिव्यापासूनच करू. इंग्लंडमधल्या फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत २५ मे १८१२ रोजी स्फोट होऊन ९२ माणसे आणि मुले मेली. कोळशाच्या थरांतून मिथेन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण विशिष्ट मर्यादेत आले की उघड्या ज्योतीने त्याचा भडका उडतो. हंफ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये यावर उपाय शोधला. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली, तर जाळी उष्णता खेचून घेते आणि बाहेरचा वायू पेटण्याइतका तापत नाही. जॉर्ज स्टीफन्सन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे सुरक्षादीप तयार केला होता.

यात आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की डेव्हींच्या दिव्याचा उजेड उघड्या ज्योतीपेक्षा कमी पडत असे. तरीही तो योग्य दिवा होता, कारण तो खाणीतल्या हवेचा विचार करून बनवला होता. दिव्याची निवड दिव्यावरून करायची नसते, तो ज्या माध्यमात जायचा आहे त्यावरून करायची असते, हा धडा इथे पहिल्यांदा ठळकपणे दिसतो.

आपल्या वर्धा खोऱ्यातही खाणकाम जुनेच आहे. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ ते १९०६ या काळात चालली. पुढे विजेचे दिवे आले, बॅटरी कमरेला आणि दिवा टोपीवर अशी सोय झाली. खाणीतली हवा स्वच्छ असेल तर तिथला अंधार म्हणजे केवळ उजेडाचा अभाव असतो. उजेड वाढवला की लांबचे दिसते. मुलाने पाहिलेला दिवा हा असा आहे, आणि त्याचा तर्कही त्यावरच उभा होता. पाण्याखालचा अंधार मात्र वेगळ्या जातीचा असतो. हे प्रथम नीट मोजून दाखवले ते एका खगोलशास्त्रज्ञाने, तेही भर दिवसा.

पांढरी तबकडी

आंजेलो सेकी हे रोममधले जेझुइट धर्मगुरू. सूर्य आणि ताऱ्यांच्या वर्णपटांचा अभ्यास हे त्यांचे मुख्य काम. पोपच्या नौदलाचे प्रमुख अलेस्सांद्रो चाल्दी यांना समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजायची होती. त्यांनी सेकींना बोलावले. २० एप्रिल १८६५ रोजी पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या दोरीने खाली सोडण्यात आल्या. तबकडी दिसेनाशी झाली की दोरीची लांबी मोजायची, एवढीच पद्धत. तबकड्यांचे आकार बदलले, रंग बदलले, सूर्याची उंची बदलली, आणि प्रत्येक वेळी नोंद केली. सर्वांत स्वच्छ पाण्यात तबकडी सुमारे ४२ मीटर खोलीपर्यंत दिसली.

हा प्रयोग इतका साधा आहे की त्यातला गाभा सहज निसटतो. वर लख्ख ऊन असतानाही तबकडी दिसेनाशी होते. याचा अर्थ ती दिसत नाही याचे कारण निव्वळ उजेडाची कमतरता हे नव्हे. पाण्यातल्या कणांवर आणि पाण्याच्या रेणूंवर आपटून प्रकाश सगळीकडे विखुरतो. त्यातला काही आपल्या डोळ्यांकडे येतो. तबकडीकडून येणारा प्रकाश वाटेत कमी होत जातो आणि मधल्या पाण्याचा उजळ पडदा दाट होत जातो. शेवटी तबकडी आणि भोवतालचे पाणी यांत फरक उरत नाही. वस्तू 'दिसणे' म्हणजे तिच्यात आणि पार्श्वभूमीत फरक जाणवणे. तो फरक पुसला गेला की कितीही उजेड असला तरी डोळ्यांना काही कळत नाही.

पुढे १८९९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी तबकडीचे चार भाग करून ते एकाआड एक काळे-पांढरे रंगवले. २० सेंटिमीटर व्यासाची ती तबकडी आजही तलावांच्या पाहणीत वापरली जाते. १९२९ मध्ये पूल आणि ॲटकिन्स या शास्त्रज्ञांनी प्रकाशमापकाने समुद्रात मोजमापे घेऊन एक सोपे सूत्र दिले. तबकडी जितक्या मीटरवर दिसेनाशी होते त्या आकड्याने १.७ ला भागले, की सूर्यप्रकाश खोलीबरोबर किती वेगाने कमी होतो त्याचा गुणांक अंदाजाने मिळतो. दोरी आणि तबकडी यांतून भौतिकशास्त्राची राशी हाती येते, ही गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे.

पाण्याखाली नेलेला उजेड

सूर्याचा उजेड पुरत नाही तर आपला उजेड खाली न्यावा, असे कोणालाही वाटेल. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स इथल्या सागरी प्रयोगशाळेत लुई बुताँ या जीवशास्त्रज्ञांनी १८९३ पासून पाण्याखाली छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. पाणबुड्याचे जड शिरस्त्राण घालून ते स्वतः तळाशी उतरत. सूर्यप्रकाशात एका चित्राला कधी कधी अर्धा अर्धा तास लागे. म्हणून त्यांनी एक विलक्षण दिवा बनवून घेतला. २०० लिटरच्या पिंपात ऑक्सिजन भरला, पिंपावर काचेच्या घुमटाखाली स्पिरिटचा दिवा ठेवला, आणि रबरी फुग्याने त्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड उडवली. क्षणभर पांढरा झोत पडे. पुढे त्यांनी विजेचे दिवेही वापरले.

उजेड पाण्याखाली नेता येतो हे बुताँ यांनी दाखवले. पण तो उजेड पाण्यातून जाताना त्याचे काय होते, कोणता रंग टिकतो आणि कोणता मरतो, हा प्रश्न राहिलाच होता. त्या प्रश्नाच्या एका बाजूचा उलगडा आपल्याकडे येणाऱ्या एका बोटीवर झाला.

मुंबई बंदरातून गेलेले पत्र

१९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' या बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांनी डेकवरून पाहिला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे लॉर्ड रॅले यांचे मत तेव्हा प्रमाण मानले जाई. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. पृष्ठभागावरून विशिष्ट कोनात परावर्तित झालेला प्रकाश ध्रुवित असतो आणि असा प्रिझम फिरवून तो अडवता येतो. रामन यांनी आकाशाचे प्रतिबिंब असे पुसून टाकले, तर समुद्र फिका पडण्याऐवजी अधिकच निळा दिसला. म्हणजे रंग पाण्याच्या आतून येत होता. बोट मुंबई बंदरात असताना, २६ सप्टेंबर १९२१ या तारखेचे पत्र त्यांनी 'नेचर' नियतकालिकाकडे पाठवले. या विचारातूनच द्रवांतल्या प्रकाश-विकिरणाचे काम वाढत गेले आणि २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध लागला.

रामन यांनी भर दिला तो पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या विकिरणावर. आज आपल्याला माहीत आहे की निळेपणात शोषणाचाही मोठा वाटा आहे. शुद्ध पाणी तांबडा प्रकाश पुष्कळ शोषते आणि निळा फार थोडा. आकडे पाहा. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश शुद्ध पाण्यातून १० मीटर गेला तर जेमतेम ३ टक्के उरतो. तेवढ्याच अंतरात ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ९० टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो.

पाणबुड्यासाठी याचा अर्थ असा. दहा मीटर खोल गेल्यावर लाल मासा काळपट दिसतो, कारण त्याला परतवायला लाल प्रकाशच मिळत नाही. जवळ पांढरा दिवा असेल तर रंग परत येतो. पण दिव्याचा प्रकाश वस्तूपर्यंत जातो आणि तिथून डोळ्यांकडे परततो, म्हणजे अंतर दुप्पट मोजायचे. मासा पाच मीटरवर असेल तर दिव्याच्या लाल प्रकाशाने एकूण दहा मीटर पाणी ओलांडलेले असते. म्हणून स्वच्छ समुद्रातही दिव्याने खरे रंग दिसतात ते एकदोन मीटरच्या आतले.

पांढऱ्या भिंतीचे कोडे

हे झाले स्वच्छ पाण्याचे. वर्धेच्या पुराच्या पाण्यात मात्र काळ्या मातीचे असंख्य कण तरंगत असतात. चिकणमातीचा दोन मायक्रोमीटर जाडीचा कण स्थिर पाण्यातसुद्धा दिवसाला सुमारे ३० सेंटिमीटर खाली बसतो. एक मीटर खाली जायला त्याला तीन दिवस हवेत, आणि वाहत्या पाण्यात तो बसतच नाही.

डिसेंबरच्या पहाटे चंद्रपूर रस्त्यावर धुक्यात गाडी चालवणाऱ्याला पुढचा भाग माहीत असतो. लांब पल्ल्याचा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवा खाली केला की रस्ता थोडा तरी दिसतो. धुक्यातल्या थेंबांवरून उजेड उलटा डोळ्यांकडे येतो म्हणून असे होते. गढूळ पाण्यात हीच गोष्ट अनेक पटींनी घडते.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. समजा पाणी असे आहे की दर मीटरला सरळ जाणारा प्रकाश ३७ टक्के उरतो. वस्तू एक मीटर आणखी लांब गेली तर प्रकाशाला जाऊन-येऊन दोन मीटर अधिक पाणी लागते. ती तितकीच उजळ दिसायची तर दिवा सातपटीहून अधिक तेजस्वी हवा. झोत पसरत जातो म्हणून खरे तर त्याहूनही अधिक. समजा असा दिवा आणलाच, तर मधल्या कणांवरून उलटा येणारा उजेडही तितक्याच पटींनी वाढतो. वस्तू उजळली आणि पडदाही उजळला. दोहोंतला फरक होता तेवढाच राहिला. खाणीत उजेड वाढवून सुटणारा प्रश्न नदीत सुटत नाही, तो यामुळे.

हॅरॉल्ड एजर्टन हे अमेरिकन अभियंते क्षणदीप्तीच्या छायाचित्रणासाठी जगप्रसिद्ध. उडत्या गोळीचे चित्र काढण्याइतका क्षणिक आणि तेजस्वी उजेड त्यांनी साधला होता. १९५३ पासून ते जाक कुस्तो यांच्याबरोबर समुद्रात काम करू लागले आणि खोल पाण्यातल्या कॅमेऱ्यांसाठी दिवे तयार केले. पण समुद्रतळाचा मोठा भाग धुंडाळायला प्रकाश अपुरा पडतो हे पाहिल्यावर प्रकाशाचा हा जाणकार ध्वनीकडे वळला. दोन्ही बाजूंना ध्वनीचे स्पंद सोडून तळाचे चित्र काढणारी सोनार यंत्रणा विकसित करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. गढुळातून ध्वनी पार जातो, प्रकाश जात नाही.

मग कोणता दिवा?

इतिहासातून निघालेले नियम आता थोडक्यात मांडू.

पाणी स्वच्छ असेल, म्हणजे पंधरावीस मीटरपर्यंत दिसत असेल, तर दिवसा दिवा लागतो तो रंगांसाठी आणि कपारींत डोकावण्यासाठी. रुंद झोताचा पांढरा दिवा इथे चांगला. एका नजरेत मोठा भाग उजळतो आणि उलटा येणारा उजेड फारसा त्रास देत नाही.

पाणी मध्यम असेल, पाचदहा मीटर दिसत असेल, तर अरुंद झोत घ्यावा. झोत जितका अरुंद, तितके आपल्या नजरेच्या वाटेतले कमी पाणी उजळते. दिवा कपाळावर न बांधता हातात, शरीरापासून दूर आणि बाजूला धरावा. डोळ्यांची रेषा आणि झोताची रेषा वस्तूपाशीच मिळावी, मधल्या पाण्यात मिळू नये. खाणीतला टोपीदिवा नेमका इथे चुकीचा ठरतो, कारण तो डोळ्यांच्या शेजारीच असतो.

पाणी गढूळ असेल, हाताच्या अंतरावरचे जेमतेम दिसत असेल, तर तेज कमी करावे. अशा वेळी मंद, अरुंद दिवा वस्तूच्या अगदी जवळ नेऊन, शक्य तर बाजूने उजेड पाडावा. पिवळी काच लावली की गढुळात लांबचे दिसते असे काहींना वाटते. पण मातीचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा मोठे असले तर सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात, त्यामुळे फारसा फरक पडत नाही. मात्र पालापाचोळा कुजून पिवळसर झालेल्या पाण्यात निळा प्रकाश शोषला जातो आणि हिरवा-पिवळा अधिक टिकतो. समुद्रात सर्वांत दूर जाणारा निळा रंग तळ्यात सर्वांत आधी संपू शकतो.

रात्री, बुडालेल्या जहाजाच्या आत किंवा गुहेत दिवा हीच परतीची वाट असते. तिथे एका दिव्यावर कधीच भिस्त ठेवत नाहीत. गुहेत उतरणाऱ्यांचा जुना दंडक आहे की प्रत्येकाजवळ तीन दिवे हवेत.

१९९३ मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी बनवला आणि त्यातून पांढरे एलईडी दिवे शक्य झाले. या कामासाठी त्यांना आकासाकी आणि अमानो यांच्यासह २०१४ चे नोबेल मिळाले. आज मुठीत मावणारा दिवा हजारो ल्यूमेन उजेड देतो, आणि दुकानात तोच आकडा सांगून दिवा विकला जातो. पण ल्यूमेनचा आकडा दिव्यातून एकूण उजेड किती बाहेर पडतो तेवढेच सांगतो. पाण्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

जाणते लोक म्हणूनच आधी पाण्याकडे पाहतात. गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. लोखंडी तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात तिथे सापडले. मालवणकडेही समुद्रात बुड्या मारण्याचा हंगाम पावसाळा सरल्यावरच सुरू होतो. पाणी निवळेपर्यंत थांबणे, यासारखा दुसरा उपाय अजून तरी नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

प्लास्टिकच्या दोन मोठ्या पारदर्शक बाटल्यांत पाणी भरा. एकीत दुधाचे काही थेंब टाका. खोलीत अंधार करून बाटलीमागे छापील कागद धरा आणि पुढून टॉर्च मारा. दुधाच्या बाटलीतून अक्षरे दिसत नाहीत, उलट बाटलीच उजळते. आता टॉर्च बाजूला नेऊन कागदावर तिरपा झोत पाडा. अक्षरे थोडी उमटतात. एक टॉर्च आणि दोन टॉर्च यांत काय फरक पडतो, हे मुलांनाच सांगू द्या.

दुसरा प्रयोग पाण्याचा गढूळपणा मोजण्याचा. मीटरभर लांबीच्या पारदर्शक नळीचे खालचे तोंड बंद करून तळाशी काळी-पांढरी छोटी तबकडी बसवा. वरून पाहत पाणी हळूहळू ओता. तबकडी दिसेनाशी झाली की पाण्याची उंची मोजा. शाळेच्या नळाचे, विहिरीचे आणि नदीचे पाणी असे वर्षभर दर महिन्याला मोजून फळ्यावर आलेख काढा. नदीचे पाणी मोठ्या माणसानेच काठावरून बादलीने काढावे.

घुग्घुसच्या त्या मुलाला आज पुन्हा भेटलो तर आम्ही त्याच्या हातात ही नळी देऊ. जुलैमध्ये भरलेले वर्धेचे पाणी त्याने नळीत ओतावे, आणि तबकडी किती बोटांवर नाहीशी झाली ते स्वतः पाहावे. मग बांबूने आणि पायांनी शोधणाऱ्यांचा अडाणीपणा नव्हता, त्या पाण्यात तेच शास्त्रीय होते, हे त्याला सांगावे लागणार नाही. आणि आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात यावी असे वाटते. जिथे आपली बोटे आपल्याला दिसत नाहीत, तिथे बुडालेला माणूस कोणालाच दिसत नाही. म्हणून पुराच्या नदीकाठी दिव्याआधी दोरी हवी, हवा भरलेली ट्यूब हवी, आणि पाण्यात न उतरण्याचे शहाणपण हवे.